पान लागलं

आमच्यात साप चावला असं म्हणत नाहीत.
पान लागलं म्हणतात.
मीही तेवढंच म्हटलं,
काजीच्या भाटात, सुकल्या पाल्यात हात घालून
बोंडू वेचताना.

हातभरसुद्धा नव्हतं ते.
अंगाला अंग घासत,
तापल्या तेलात काही सोडल्यासारखा आवाज करत
दगडाखाली गेलं.

टोपली अर्धी भरली होती.
ती मी आधी सावलीत सरकवली.
का सरकवली, अजून कळत नाही.

मग माणसं जमली.
दिरानं टॉवेल फाडून मनगट आवळलं.
सासूनं देवीला नारळ बोलला.
कुणी म्हणालं, मिरची द्या चघळायला,
तिखट लागली नाही तर विष चढलं समजा.
मी चघळली. तिखट लागली, डोळे वाहिले,
तर बायका म्हणाल्या, रडते बिचारी.

भाटीवरून नवरा आला, अंगाला उर्राकाचा वास.
‘वाळपईला नेऊया’ आणि ‘आधी पुनोला बोलवा’
यांच्या मधोमध मी बसले होते
हात मांडीवर घेऊन,
शेजारणीचं तान्हं सांभाळायला दिल्यासारखा.
एकशेआठला फोन लावायचा तर
रेंज फक्त देवळामागच्या खडपावर.
एक पोरगा तिकडे धावला, परत आलाच नाही.

पुनो आला तेव्हा तास उलटला होता.
त्याच्या बापानं औषध दिलं, आज्यानं दिलं.
पैसे घेत नाहीत, घेतले तर गुण जातो.
माझ्या थोरल्या जावेला त्यानं उठवली,
गेल्या साली आमचा बैल उठवला.
जी उठली नाहीत
त्यांना आणायला उशीर झालेला असायचा.

त्यानं पिशवी उघडलीच नाही.
आधी टॉवेलाची गाठ सोडली.
मग म्हणाला, थुंक.
थुंकले. लाल.
बोंडू खाल्ला असेल, नवरा म्हणाला.
मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.
पुनो त्या लाल डागाकडे बघत राहिला,
मुंगी आली, फिरून गेली, तोवर.
‘ही म्हज्या पाल्याची न्हय. गाडी काड.’

स्कूटरवर पुढे दीर, मधे मी,
मागे पुनो, लुंगी खोचून,
दोन्ही हातांनी मला धरून.
वळणावळणाला पुटपुटत होता.
मंत्र असेल, वाटलं. कान दिला तर
‘आतां पूल. आतां शाळा. आतां पिंपळ.
दोळे उक्ते दवर, बाय. आतां उतार.’

वाळपईत डॉक्टरीण, कोवळी पोर.
काचेच्या नळीत माझं रक्त घेऊन
टेबलावर उभं केलं.
वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.
आम्ही घड्याळ बघितलं, नळी बघितली,
पुन्हा घड्याळ.
पुनो आयुष्यात पहिल्यांदाच
हात बांधून बसला असेल.
मग तिनं नळी कलती केली.
गोठलं नव्हतं. पाण्यासारखं वाहिलं.

कोणता साप? तिनं विचारलं.
दीर माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे.
बाहेर दिवेलागण झालेली,
या वेळी तर कुणी नाव घेतच नाही.
‘फुरशें,’ पुनो म्हणाला,
दाराबाहेरच्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

किती बाटल्या चढल्या, मला आठवत नाही.
थंडी वाजली होती एवढं आठवतं,
आणि बाकावर कुणीतरी रात्रभर खोकत होतं.

बोट अजून पुरतं वळत नाही.
टोपली तिथेच आंबून गेली, बिया मात्र वेचल्या.
गावात म्हणतात, पुनोनं उठवली.
तो होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
त्याच्या दाराशी भिंतीवर कोळशानं
चार आकडे लिहिलेत,
ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचे.

मी अजूनही पान लागलं असंच म्हणते.
पाला मात्र काठीनं उलटते.